रथाच्या दिवशी, चपलांपाशी

पहाटे ३.४५

रथाच्या दिवशी मला गजर लावावा लागत नाही. काल महाशिवरात्र झाली. दिवसभर उपास, रात्री बाराच्या पुढे गल्लीतल्या देवळात भजन, मग जेमतेम तीन तास पाठ टेकली. तरी डोळे आपोआप उघडले. धारवाडात या दिवसांत पहाटे अजून गारवा असतो. मोरीत पाणी तापायला ठेवलं आणि दाराशी ठेवलेल्या पिशव्या पुन्हा एकदा मोजल्या. बिल्ल्यांच्या पाच पिशव्या, सुतळीची गुंडी, दाभण, मेणाचा दोरा, सेफ्टी पिनांचं पाकीट, जुनी फडकी. सहाव्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुरुषाच्या मापाची एक नवी कोरी चामड्याची जोडी. ती कुणासाठी ते पुढे सांगते.

मी शिलाई करते. ब्लाउज, झबली, खणाची परकर-पोलकी. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, अमावास्येला, हुबळीत सिद्धारूढ स्वामींचा रथ निघतो. त्या दिवशी मशीन बंद असतं. गेली अकरा वर्षं मी आणि आमच्या भजनातले दहा-बारा जण मठाच्या वाटेवर चपला सांभाळायला बसतो. बसतो म्हणायचं, बसायला मिळत नाही.

५.२०

चिगरी बस. धारवाड आणि हुबळी या जुळ्या शहरांमध्ये ही बस स्वतःच्या वेगळ्या रस्त्यानं धावते. चिगरी म्हणजे काळवीट, आणि बसही तशीच सुसाट जाते. इतक्या पहाटे एरवी रिकामी असते. आज धारवाडातूनच भरून निघाली. मागच्या बाकांवर रात्रभर जागरण केलेली पोरं एकमेकांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती. माझ्या शेजारच्या बाईंच्या मांडीवर केळ्यांची फणी होती, आणि प्रत्येक धक्क्याला त्या तिच्यावर हात ठेवत होत्या.

“तेरिगेन्री?” मी विचारलं. रथालाच ना?

“हूंन्री,” त्या म्हणाल्या. मग माझ्या बोलण्यातला मराठी सूर ओळखून त्यांनीच मराठी सुरू केलं. माहेर निपाणीचं. आमच्याकडे हे असंच चालतं. वाक्य कन्नडात सुरू होतं आणि मराठीत संपतं, आणि मध्ये कुठे भाषा बदलली ते कुणाच्या लक्षातही येत नाही. माझे आजोबा मिरजेकडून हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपात कामाला आले. इथल्या सुरुवातीच्या रेल्वे कंपनीचं नावच सदर्न मराठा रेल्वे, आणि तिचं मुख्य कार्यालय धारवाडला. १९५६ पर्यंत हा सगळा भाग मुंबई राज्यात होता. त्यामुळे इथल्या जुन्या मराठी घरांना आपण परगावी आलोय असं कधी वाटलंच नाही. माझ्या माहेरी देवघरात ‘सिद्धारूढ कथामृत’ ही मराठी ओवीबद्ध पोथी असायची. आजी रोज एक अध्याय वाचायची. तिला कन्नड वाचता येत नव्हतं, पण तिचा गुरू हुबळीचा. यात काही विसंगत आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही.

उणकल तळ्यापाशी पूर्वेला फटफटलं.

६.३०

जुनी हुबळी. रिक्षा एका ठिकाणी थांबवतात, पुढे चालत. मठाकडच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी दुकानं लागलेली. नारळ, खडीसाखर, विभूती, खेळणी, पिपाण्या, आणि केळी. जिकडे बघावं तिकडे केळी आणि खारका. संध्याकाळी रथ हलला की लोक त्यावर केळी आणि खारका उधळतात, म्हणून आज केळं हे खाण्यापेक्षा वाहण्याचं फळ.

आमची जागा ठरलेली आहे. खाली ताडपत्री, वर कापडी छत, आणि बांबूंना आडव्या सुतळ्या बांधून केलेल्या वीस ओळी. मुलं बांबू रोवत होती. मी बिल्ले ओळींप्रमाणे लावायला घेतले.

या बिल्ल्यांबद्दल जरा विस्तारानं सांगते, कारण वर्षभर माझ्या डोक्यात तेच होतं.

आधी आम्ही तळव्यावर खडूनं आकडा घालायचो आणि तोच आकडा कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून द्यायचो. घामानं चिठोरं भिजायचं, आकडा पुसायचा. मग मी म्हटलं, शिवणाऱ्या बाईनं कागदावर कशाला विसंबायचं? कापडाचे बिल्ले करू, आकडा दोऱ्यानं भरू. गेल्या वर्षी तसे बाराशे बिल्ले केले. सहाशेपर्यंतचे मी भरले, माझ्या सवयीच्या मराठी आकड्यांत. पुढचे शेजारच्या मुलीनं भरले, तिच्या सवयीच्या इंग्रजी आकड्यांत. दोघींपैकी एकीच्याही लक्षात आलं नाही की मराठी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि मराठी चार इंग्रजी आठसारखा. माझा ११४ आणि तिचा नऊशे अठ्ठ्याण्णव. रात्री नऊ वाजता, विजेच्या एका दिव्याखाली, गर्दी अंगावर येत असताना ते दोन्ही हुबेहूब एक.

एका कुटुंबानं सहा बिल्ले एकदम दिले. कॉलेजातला एक मुलगा आमच्यात होता, त्यानं सहा जोड्या भराभर काढून त्यांच्या पिशवीत टाकल्या. त्यांची बस सुटत होती, ते धावले. अर्ध्या तासानं एक म्हातारे शेतकरी आले. पांढरं धोतर, डोक्याला रुमाल. हातात माझा बिल्ला, ११४. त्यांची जोडी गेलेली होती.

मुलाची चूक नव्हती. चूक माझी होती.

म्हातारबाबांनी आवाज चढवला नाही. “इरलि बिडु, तंगी,” म्हणाले. राहू दे गं, बहिणी. गाव नवलगुंदकडचं, एवढंच कळलं. बसमधून उतरून शेतातल्या वस्तीवर चालत जायचं होतं, रात्री, अनवाणी, ज्वारीच्या धसकटांतून. मला काय सुचावं? गळ्यात टेप होता. मी खाली बसले आणि त्यांच्या पावलाचं माप घेतलं. लांबी साडेदहा इंच, रुंदी चार. अंगठ्याच्या बाजूला हाड वाढलेलं, तिथे पाव इंच सैल हवं, तेही लिहून घेतलं. ते हसले. म्हटलं, पुढच्या वर्षी या, जोडी तयार असेल. ते मान हलवून निघून गेले, आणि मी त्यांचं नावही विचारलं नव्हतं.

तर यंदाचे बिल्ले वेगळे आहेत. प्रत्येक ओळीला वेगळं कापड. गिऱ्हाइकांच्या कपड्यांतून उरलेलं कातरण मी वर्षभर साठवलं. पहिल्या ओळीला गुळेदगुड्डचा हिरवा खण, दुसऱ्या ओळीला इरकलीचा लाल काठ, तिसऱ्याला निळी चौकट, चौथ्याला पिवळी छीट, असे वीस प्रकार. बिल्ला मधोमध कापलेला, एक अर्ध चपलेला, एक अर्ध माणसाला. कापड जुळलं पाहिजे, काप जुळला पाहिजे, आणि शिवाय आकडा, तो सगळीकडे एकाच लिपीत. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही आपला तुकडा ओळखता येतो. “खणाची ओळ!” असं ओरडलं की मुलगा थेट पहिल्या ओळीत.

८.००

जागरण करून रात्रभर मठात राहिलेले लोक आता आंघोळीला, चहाला बाहेर पडतात, आणि सकाळच्या गाड्यांनी आलेले आत जातात. एकाच वेळी देणं आणि घेणं. “चप्पल इल्ली बिडरी, अव्वा, इल्ली बिडरी!” इथं सोडा, आई, इथं सोडा. तासाभरात घसा बसतो.

अकरा वर्षांत एक विद्या मला आपोआप आली आहे. चप्पल हातात घेतली की माणूस कुठून आला ते कळतं. काळी माती शिवणीत जाऊन बसते, झटकली तरी निघत नाही. ती नवलगुंद, नरगुंद, अण्णिगेरीकडची, कापसा-हरभऱ्याच्या मोकळ्या रानातली. तांबडी माती पावडरीसारखी असते, बोटांना लागते आणि पुसली की जाते. ती कलघटगी, अळणावरच्या बाजूची, जिथून पुढे जंगल आणि पाऊस सुरू होतो. हुबळी या दोन मातींच्या शिवेवर आहे. माझ्या ओळींत दोन्ही माती शेजारी शेजारी टांगलेल्या असतात. गोव्याकडून येणाऱ्यांच्या पायात बहुधा रबरी सँडल. अथणी, चिकोडीकडच्यांच्या पायात करकर वाजणारी चामड्याची, आणि ती देताना त्यांचा हात क्षणभर रेंगाळतो. जड, दणकट, तेल पाजलेली. ती नुसती चप्पल नसते.

आणि मुलांची. पिवळी, गुलाबी, चालताना चूं चूं वाजणारी. ती सुतळीवर अडकवताना सुद्धा वाजते.

१०.१५

पालखी शहराकडे निघाली. आम्हाला वाद्यं ऐकू आली, पालखी दिसली नाही.

मिरजेहून आलेल्या एक आजी आमच्या छताखाली सावलीला टेकल्या. रेल्वेनं आल्या होत्या. “अगं, केवढं ते स्टेशन! उतरले आणि चालतेय, चालतेय, फलाट संपेचना.” हुबळीच्या स्टेशनाला २०२० साली सिद्धारूढ स्वामींचं नाव दिलं, आणि २०२३ मध्ये तिथला १,५०७ मीटर लांबीचा फलाट सुरू झाला, जगातला सगळ्यात लांब. आजींना जगाशी देणंघेणं नव्हतं. गाडीतून उतरल्यावर गुरूचं नाव पाटीवर मोठ्या अक्षरांत दिसलं, त्यावर त्या बोलत राहिल्या.

त्या कलावती आईंच्या भजनातल्या. बेळगावच्या हरिमंदिराच्या कलावती आई सिद्धारूढ स्वामींच्या शिष्या, आणि मिरज, सांगली, बेळगाव, गोवा या टापूतल्या कितीतरी मराठी घरांत हुबळीचं नाव त्यांच्यामुळे पोचलं. आजींना पोथी तोंडपाठ. बिदर भागातलं चळकापूर, १८३६ चा जन्म, लहानपणीच घर सोडलं, गुरूच्या शोधात पायी भटकंती, मग पुन्हा पायी देशभर तीर्थाटन, आणि शेवटी हुबळी. १९२९ च्या श्रावणात इथंच समाधी. त्यासाठी श्रावणात मठाच्या तळ्यात पाण्यातला रथ निघतो, तोही आजींनी दोनदा पाहिलेला.

“एवढं चालले महाराज,” आजी माझ्या ओळींकडे बघत म्हणाल्या, “पायात काय असेल गं त्यांच्या?”

मला उत्तर माहीत नव्हतं. पण दिवसभर तो प्रश्न माझ्याबरोबर राहिला.

दुपारी १.००

ऊन. ताडपत्री तापली की रबराचा वास सुटतो.

आम्ही पाळीपाळीनं प्रसादाला जातो. हजारो माणसं पंगतीनं बसतात, उठतात, पुन्हा नव्या पंगती बसतात, कुणी कुणाची जात विचारत नाही, पैसे विचारत नाही. सिद्धारूढांच्या वेळेपासूनची ही रीत. आमच्या उत्तर कर्नाटकात त्याला दासोह म्हणतात. अन्नदान या शब्दात देणारा उंच उभा असतो. दासोहात देणाराच दास असतो, म्हणून मला हा शब्द जास्त आवडतो.

मी पानावरून उठून आले तेव्हा मामा कामात होते.

मामा म्हणजे आमच्या शेजारी रस्त्याच्या कडेला छत्री लावून बसणारे चांभारमामा. वाडवडील अथणीकडचे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे होते, आणि त्या चारांत आमचा धारवाडही. मामांनी ती बातमी कापून लाकडी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली आहे. पेटी उघडली की आधी ती दिसते, मग रापी, आरी, मेण.

तुटलेली चप्पल घेऊन माणूस रथाला आला तर परत जाताना ती धड असावी, हे आम्ही दुसऱ्या वर्षापासून करायला लागलो. रबरी पट्टा निसटला तर खालून सेफ्टी पिन आडवी घालायची, हे मलाही येतं. चामड्याचा अंगठा तुटला तर मामांकडे. त्यांनी मला टाका शिकवला. आरीनं भोक पाडायचं ते सरळ नाही, तिरकं, म्हणजे ओढ पडली की चामडं फाटत नाही. दोरा दोन्ही टोकांनी एकाच भोकातून समोरासमोर काढायचा आणि दोन्ही हात पसरून ओढायचा. मी पस्तीस वर्षं सुई चालवतेय, पण असा घट्ट टाका कापडात कधी घालावाच लागला नव्हता. पहिल्या दिवशी तळहाताला दोऱ्याच्या रेषा उठल्या. मामांच्या तळहातावर त्या कायमच्या आहेत.

रथाच्या दिवशी ते एक पैसा घेत नाहीत.

मी या सेवेला लागले त्या पहिल्या वर्षी घरी गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, लोकांच्या पायताणांना हात लावून आलीस, आधी अंघोळ कर, मग चुलीपाशी ये. मी केली. दुसऱ्या वर्षी त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या वर्षी स्वतःच आल्या आणि खुर्चीवर बसून चिठोरी वाटली. मला त्याचा फार अभिमान वाटला होता. मी ही गोष्ट मामांना मोठ्या हौसेनं सांगितली. त्यांनी हातातला टाका पुरा केला, दोरा तोडला, आणि म्हणाले, “बाई, तुम्ही वर्षातून एक दिवस हात लावता, त्याला सेवा म्हणतात. आम्ही रोज लावतो, त्यानं आमची जात ठरते.”

ते रागानं म्हणाले नव्हते. जसं माप सांगावं तसं सांगितलं. त्यावर मला तेव्हाही बोलता आलं नाही, आजही येत नाही. पण त्यानंतर मी माझ्या सेवेची गोष्ट कुणाला हौसेनं सांगितलेली नाही. आणि आता आमच्या रात्रीच्या हिशेबात, किती जोड्या घेतल्या, किती दिल्या, किती शिवल्या, यात शिवल्याचा आकडा पहिल्यांदा वाचतात.

दुपारी ३.३०

आता गर्दीला अंत नाही. चपला देणारे हात फक्त दिसतात, चेहरे दिसत नाहीत. पाचशे, सातशे, नऊशे. सोळावी ओळ भरली. समोरचा केळीवाला घड कापायला थांबतच नाही, फण्या तशाच तोडून देतोय. दोन मुली त्याच्याकडून घेतलेल्या केळ्यावर बॉलपेननं काहीतरी लिहीत होत्या. इकडच्या रथांना ही एक पद्धत पडली आहे, मनातली इच्छा केळ्यावर लिहायची आणि रथाकडे टाकायची. एकीनं लिहून झाल्यावर फुंकर घातली, शाई वाळावी म्हणून.

रथ बघायला आमच्यातल्या दोघांनाच सोडता येतं. भांडण नको म्हणून चिठ्ठ्या टाकतात. चार वर्षं माझं नाव निघालं नव्हतं. यंदा निघालं. दुसरी चिठ्ठी निघाली ती आमच्यातल्या एका मुलाची. त्यानं ती हातात घेतली, शेजारी बघितलं आणि विचारलं, “मामा, तुम्ही कधी बघितलाय?”

“बत्तीस वर्षं इथं बसतोय,” मामा म्हणाले. “जवळून दोनदा.”

मुलानं चिठ्ठी त्यांच्या पेटीवर ठेवली.

मामांनी हत्यारं पुसली, पेटी बंद केली, उचलून आमच्या छताखाली आणली. मग पायातली जोडी काढली. स्वतः बनवलेली, तळ तीनदा बदललेला. मी एकोणिसाव्या ओळीचा बिल्ला काढला, जांभळी जर. अर्धा जोडीला, अर्धा त्यांच्या हातात. त्यांनी तो बराच वेळ बघितला. बत्तीस वर्षांत त्यांना कुणी चप्पल सांभाळल्याचा बिल्ला दिला नसावा.

५.१५

आम्ही एका बंद दुकानाच्या पायरीवर उभे राहिलो. त्याहून पुढे जाणं शक्य नव्हतं. गच्च्यांवर, भिंतींवर, झाडांच्या फांद्यांवर माणसं.

रथ आधी दिसत नाही. आधी आवाज येतो. झांजा, ढोल, आणि त्याखाली ‘ॐ नमः शिवाय’चा एक सलग घोष, जो कुणी सुरू करत नाही आणि कुणी थांबवत नाही. सिद्धारूढांनी सगळ्यांना दिलेला मंत्र हाच. मग माणसांच्या डोक्यांवरून कळस दिसतो, झेंडे आणि फुलांच्या माळांनी मढलेला, आणि तो स्थिर असतो. तुम्ही बघत राहता. स्थिर, स्थिर. आणि मग तो अगदी थोडा, बोटभर, मागे झुकतो. दोरावरच्या शेकडो हातांनी ताण घेतलेला असतो. त्या बोटभर झुकण्यानं अंगावर काटा येतो. मग चाक फिरतं.

“हर हर महादेव!”

आणि आभाळात केळी. खरोखर आभाळात. चारी बाजूंनी एकदम उडालेली, उन्हात पिवळी चमकणारी, रथाच्या खांबांवर आपटून खाली येणारी, पुन्हा झेलली जाणारी. खारका गारांसारख्या वाजतात. ज्यांच्या अंगावर पडतात ते डोकं झाकत नाहीत, पदर पसरतात.

मामा चाकाकडे बघत होते. “खालची माणसं बघा,” म्हणाले. मी बघितलं. चाकाच्या अगदी लगत, वाकून, मोठ्या लाकडी पाचरा घेऊन चालणारी माणसं. रथ एका अंगाला ओढू लागला की ती चाकाखाली पाचर सारतात, चाक वळतं. थांबवायचा असला की दोन्ही बाजूंनी. दोर ओढणाऱ्यांना चाक दिसत नाही, चाकापाशी असलेल्यांना कळस दिसत नाही. माझी मावशी जळगावची. तिथं कार्तिकी एकादशीला रामाचा रथ निघतो, आणि तिथल्या लोकांत त्या पाचरेला मोगरी म्हणतात. मावशी सांगायची, मोगरी लावणारा घरातून निघताना देवाला आणि आईला नमस्कार करून निघतो. इकडेही तसंच असणार. जरा हात चुकला तर काय होईल ते त्यांना सगळ्यांपेक्षा जास्त माहीत.

रथ आमच्या समोरून महाद्वाराकडे गेला. मामांनी मूठ उघडली. मुठीत पाच-सहा खारका होत्या, घामानं ओल्या झालेल्या. इतका वेळ त्या टाकायचं भानच राहिलं नव्हतं. त्यांनी त्या मागून टाकल्या, एकेक करून. पोचल्या की नाही ते दिसलं नाही.

परत फिरताना पायाखाली केळ्यांचा चिखल. मी घसरले, त्यांनी दंडाला धरून सावरलं. दोघंही अनवाणी, घोट्यापर्यंत चिकट.

७.००

याला काम म्हणतात. दिवसभर जे थोडं थोडं आलं ते आता एकदम परत हवं असतं. “खण!” “इरकल!” “निळी चौकट!” मुलं ओळींमध्ये धावतात. आम्ही पुढे दोन बादल्या पाणी ठेवलं आहे, पाय धुवायला, कारण केळ्यानं माखलेल्या पायावर चप्पल टिकत नाही. माझ्या लक्षात आलं की लोक बिल्ला देताना आकड्याकडे बघतच नाहीत, कापड बघतात. एक बाई बिल्ला परत देईना. “माझ्या आईच्या लुगड्याचा काठ असाच होता,” म्हणाली. मी म्हटलं, ठेवा.

एक मूल झोपलेलं, बापाच्या खांद्यावर. त्याच्या पायात त्या चूं चूं वाजणाऱ्या चपला मीच घातल्या. तेवढ्यानं त्या वाजल्या, पण ते जागं झालं नाही.

९.४०

मामांचा बिल्ला शेवटच्या काहींतला. त्यांनी जोडी घेतली, पायात घातली, पेटी उघडली आणि छत्रीखाली जाऊन बसले. तुटलेल्या तीन जोड्या वाट बघत होत्या.

माझ्या ओळींत आता अकरा जोड्या उरल्या होत्या. मग सात. दिवसभर मी प्रत्येक पांढऱ्या रुमालाकडे बघत होते. नवलगुंदकडच्या काळ्या मातीच्या कितीतरी जोड्या आल्या, गेल्या. ते आलेच नसावेत. शिवाय ते बिल्ला द्यायला येतील असं तरी मी का धरून चालले होते? गेल्या वर्षी एक जोडी गमावलेला माणूस पुन्हा आमच्याकडे कशाला येईल?

१०.१५

छत उतरवत होतो. मुलानं मला हाक मारली.

ते बाजूच्या कट्ट्यावर बसले होते. कधीपासून, ते माहीत नाही. तेच धोतर, तोच रुमाल, खांद्यावरच्या टॉवेलात बांधलेली केळी. मी धावतच गेले. म्हटलं, अज्जा, चप्पल कुठे ठेवली? आमच्याकडे का नाही दिली?

त्यांनी पाय पुढे केले. अनवाणी.

“घरीच ठेवून आलो,” कन्नडात म्हणाले. “मागच्या वेळी तू रडत होतीस. तुला पुन्हा त्रास नको.”

मी रडले होते हे मला आठवत नव्हतं.

मी सहावी पिशवी आणली. मामाही उठून आले. जोडी त्यांनीच केलेली, मी दिलेल्या मापावर, डाव्या अंगठ्यापाशी पाव इंच सैल. पैसे घ्यायला ते तयार नव्हते, मी शिलाईचे म्हणून दिले, मग घेतले. वर्तमानपत्र सोडलं. चामड्याचा आणि तेलाचा वास आला. मामा खाली बसले आणि जोडी अज्जांच्या पायात सरकवली, टाचेकडून बोटानं दाबून पाहिली, पट्ट्याखाली नख घालून पाहिलं.

“सरी आगेती,” मामा म्हणाले. बरोबर बसली.

अज्जा उभे राहिले. चार पावलं गेले, वळले, चार पावलं आले. नवं चामडं करकरलं. मग त्यांनी वाकून दोन्ही चपला काढल्या, एकमेकींना चिकटवून टॉवेलात केळ्यांशेजारी ठेवल्या आणि गाठ मारली.

“आज नाही,” म्हणाले. “आज रथाचा दिवस. उद्या रानात घालेन.”

टॉवेलातलं एक केळं त्यांनी मामांना दिलं, एक मला. रथावरून झेललेलं होतं, एका बाजूनं पिचलेलं. मी त्यांना नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. या वेळी मी बिल्ल्याच्या कोऱ्या कापडावर खडूनं लिहून घेतलं, कन्नडात, मराठीत, आणि खाली मापही.

ते बसच्या दिशेनं चालत गेले. मी बांबू उपटायला लागले.